मोनालीचं ‘बरं’

चौथ्यांदा मोनालीची मान हलली, तेव्हा मी हातातली स्पीड गन खाली केली.

मी कॅचरच्या मागे, जाळीला पाठ लावून एका स्टुलावर बसले होते. समोर मुरमाच्या उंचवट्यावर मोनाली तायडे उभी होती, चेंडू ग्लोव्हमध्ये लपवून. आमच्या दोघींच्या मधे पाठमोरी, उकिडवी बसलेली कानो. ती जपानहून आली होती. कानोचा उजवा कोपर जरासा हले, मोनालीची मान हले, कोपर पुन्हा हले, मान पुन्हा हले. चेंडू काही सुटत नव्हता. बॅट उगारून उभ्या असलेल्या नागपूरच्या मुलीने शेवटी कंटाळून बॅट खांद्यावर टेकवली.

“काय करून राह्यली हे पोट्टी?” आमचे प्रशिक्षक गावंडे सर माझ्या कानाशी पुटपुटले. “चार वर्षांत तुले कधी नाही म्हटलं नाही तिनं. अन् आज पाहुण्यांसमोर नखरे!”

बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू कुठला टाकायचा हे पिचर आणि कॅचर, म्हणजे टाकणारी आणि झेलणारी, या दोघींमध्ये ठरतं. कॅचर मांड्यांच्या आड, बॅटरला दिसणार नाही अशी बोटं दाखवते. मोनालीकडे तीन प्रकारचे चेंडू होते. एक बोट म्हणजे सरळ आणि वेगवान. दोन म्हणजे कर्व्ह, खाली वळत जाणारा. तीन म्हणजे चेंज-अप. त्यात हात वेगवान चेंडूसारखाच फिरतो, पण चेंडू रेंगाळत येतो. पिचरला पटलं तर ती होकार देते आणि टाकते. नाही पटलं तर नकार देते, मग कॅचर बोटं बदलते.

मी मागे बसल्यामुळे मला कानोची बोटं दिसत नव्हती. पण कोपर हलला म्हणजे बोटं बदलली, एवढं कळत होतं. आणि मोनालीची मान मला समोरून स्पष्ट दिसत होती. ती डावीकडून उजवीकडे फिरत नव्हती. ती डाव्या खांद्याकडे किंचित कलायची आणि परत सरळ व्हायची. दुकानदाराने “किलोऐवजी सव्वा किलो देऊ का साखर?” असं विचारल्यावर आपली मान कलते, तशी.

“सर, ती नाही म्हणत नाहीये,” मी म्हणाले. “ती बरं म्हणतेय.”

“मंग टाकत काहून नाही?”

“टाकायच्या आधीच कानो खूण बदलतेय. तिला वाटतंय, हिला पटत नाही.”



तेवढ्यात कानोने बोटं दाखवणं सोडून दिलं. दोन्ही हात पसरून तिने खांदे उडवले, आता तुला हवा तो टाक बाई, अशा अर्थाने. मोनालीने पुन्हा मान कलवली आणि सरळ वेगवान चेंडू टाकला. बॅट खांद्यावर ठेवून उभी असलेली नागपूरची मुलगी तो जाताना नुसती बघत राहिली. स्ट्राइक. असे तीन झाले की बॅटर बाद.

ही सगळी धांदल अमरावतीच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर, डिसेंबरमधल्या सकाळी चालली होती. जपानमधल्या एका व्यावसायिक महिला संघाचे प्रशिक्षक मोरिता भारतातून एक पिचर निवडायला आले होते. त्यांच्याबरोबर त्यांच्या संघातल्या दोन खेळाडू होत्या, कॅचर कानो आणि डावखुरी बॅटर ओनो. पुण्याची केतकी भावे दुभाषी म्हणून आली होती. ती जपानी शिकत होती आणि बेसबॉल तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता. दोन मुलींची चाचणी आधीच झाली होती. मोनाली शेवटची.

आमच्याकडे मुलींचा हा खेळ कॉलेजपुरता असतो. विद्यापीठ, राज्य, फार तर राष्ट्रीय स्पर्धा, आणि पदवी हातात आली की ग्लोव्ह माळ्यावर जातो. माझा येत्या उन्हाळ्यात जाणार होता. मी भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि मला त्याचं फारसं दुःख नव्हतं. पण मोनालीचं वेगळं होतं. ती बी.कॉम.ला होती, चांदूर बाजारहून रोज एस.टी.ने यायची, आणि तिला रोज चेंडू टाकायचा होता. पुढच्या वर्षीही, त्याच्या पुढच्या वर्षीही. त्यासाठी जगात जी थोडी ठिकाणं होती, त्यातलं एक त्या सकाळी खुर्ची टाकून आमच्या मैदानावर बसलं होतं.

चार वर्षं मी तिची कॅचर होते. पण चाचणीत कानोच झेलणार, असं मोरितांनी सांगितलं. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून सरांनी माझ्या हातात वेग मोजायची गन दिली होती.

पुढच्या दोन बॅटर्सनाही तोच प्रकार झाला. कोपर, मान, कोपर, मान, आणि शेवटी पसरलेले हात. बॅटर्स ताटकळून चुकत होत्या. मोनाली शांत होती. मात्र कानोला काय येतंय ते कळत नव्हतं. एकदा तिने सरळ चेंडूसाठी ग्लोव्ह धरला आणि कर्व्ह खाली बुडून तिच्या मनगटावर आदळला. ती हात झटकत उठली आणि तरातरा उंचवट्यावर गेली. केतकी मोरितांशेजारी खुर्चीत होती. ती उठेपर्यंत त्या दोघींचं बोलणं संपलंही होतं. कानोने काहीतरी विचारलं, मोनाली हसून काहीतरी म्हणाली, वर मान कलवली. कानो परत आली ती लाल चेहऱ्याने.

मग मोरितांनी विश्रांती दिली.

ते उठून आमच्याकडे आले. साठीचे, बुटके, टोपी कपाळावर ओढलेली. केतकी त्यांच्या एक पाऊल मागे. ते बराच वेळ बोलले. केतकी म्हणाली, “सर म्हणतायत की त्यांनी खूप ठिकाणी मुली पाहिल्या. हात चांगला असलेल्या पुष्कळ मिळतात. पण एवढ्या लहान वयाची मुलगी, परक्या देशातल्या अनुभवी कॅचरला तीन-तीनदा नकार देते आणि मग स्वतःचा चेंडू टाकते, असं त्यांनी पाहिलं नव्हतं. पिचरला स्वतःचं मत लागतं, ते शिकवता येत नाही, असं ते म्हणतायत.”

गावंडे सरांचा चेहरा उजळला. “हो हो. सांगा त्यांना, आम्ही त्याच्यावरच भर देतो.”

मी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मोरिता वाकून नमस्कार करून गेले तसे सर मला बाजूला घेऊन म्हणाले, “ठोसर, तू एक शब्द बोलायचा नाही.”

“सर, पण ते खरं नाही.”

“खोटं कोण बोललं? मी बोललो? ती बोलली? त्यायले दिसलं, त्यायले आवडलं. आपण मधात काहून पडाचं?”

“पुढच्या फेरीतही असंच होईल. कानोला काय येतंय ते माहीत नसेल, तर तिचं बोट मोडेल. मनगटावर बसलाच आहे एक.”

सरांनी विचार केला. सर वाईट माणूस नव्हते. दहा वर्षं ते भाड्याच्या मैदानावर मुलींना जमवून खेळवत होते आणि त्यांच्या एकाही मुलीला कोणी एवढं दुरून बघायला आलं नव्हतं.

“बरं,” ते म्हणाले. “तिले फक्त एवढं सांग, की हो म्हणायचं त नीट वर-खाली मान हलव. बाकी इतिहास काढू नको.”

मोनाली नळावर तोंड धूत होती. मला बघून म्हणाली, “ताई, कशी टाकून राह्यली मी? ते बाई लय चिडकी आहे वं.”

“ती काय म्हणाली तुला?”

“ते म्हणे, ‘नो?’ मी म्हटलं, ‘नो, नो.’ म्हणजे काही नाही, चालू द्या. त अजूनच चिडली.”

मला हसू आवरेना. मी नळाच्या कठड्यावर बसले आणि तिला सांगितलं. मान कशी कलते ते करून दाखवलं. तिने ओल्या चेहऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग स्वतः एकदा मान कलवून पाहिली, जणू ती दुसऱ्या कोणाची आहे.

“मी? नाही वं ताई! मी त बरंच म्हणून राह्यली होती! ते एक दाखवे, मी म्हणो बरं. मंग दोन दाखवे. म्हटलं, हिचं काही ठरून नाही राह्यलं, ठरू दे बाई. मंग तीन दाखवे. मी त तिची वाट पाहून राह्यली होती!”

“आणि ती तुझी.”

“अरे बाप्पा.” ती खाली बसली. “म्हणजे तिले वाटलं असन, केवढी उद्धट पोरगी आहे.”

“तिला तसं वाटलं. मोरितांना मात्र ते फार आवडलंय.” आणि मग, सरांनी सांगूनही, मी तिला ते सगळं सांगितलं. मत असलेली पिचर, न शिकवता येणारी गोष्ट, सगळं. ती चाचणी तिची होती. तिथे काय चाललंय हे तिला माहीत नसावं, हे मला बरोबर वाटेना.

 नळ टपकत होता, तो तिने घट्ट बंद केला.

“म्हणजे त्यायले मी आवडली नाही,” ती म्हणाली. “दुसरीच कोणी आवडली.”

तेवढ्यात केतकी धावत आली. मोरितांनी मोनालीला बोलावलं होतं.

मैदानाच्या कडेला निंबाच्या सावलीत खुर्च्या होत्या. कानो मनगटाला बर्फ लावून बसली होती. मोरिता उभे राहिले, हे मला आठवतं. एकोणीस वर्षांच्या मुलीशी बोलायला ते उभे राहिले. केतकी सांगू लागली, “ते विचारतायत, पहिल्या बॅटरला तू तिन्ही खुणांना नकार दिलास आणि मग सरळच चेंडू टाकलास. कानोने सरळ चेंडू आधीच मागितला होता. तेव्हा नको आणि नंतर हवा, असं का? त्यामागचा विचार त्यांना ऐकायचाय.”

गावंडे सर घाईने म्हणाले, “सांग न मोनाली, की बॅटरले ताटकळवाचं होतं. टायमिंग बिघडवाचं होतं.”

उत्तर चांगलं होतं. तयार होतं. नुसतं हो म्हणायचं होतं.

मोनालीने सरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग केतकीला म्हणाली, “मी सांगतो. त्यायले सांगा, मी नाही म्हटलंच नव्हतं.”

“ती ‘सांगतो’ का म्हणते?” केतकीने मला हळूच विचारलं.

“आमच्याकडे तसंच म्हणतात. तू पुढचं सांग.”

“म्हणजे... नकार दिलाच नव्हता?” केतकीचा आवाज बारीक झाला. “हे असंच सांगू?”

“असंच सांगा,” मोनाली म्हणाली. “ही माही बरं म्हणाची पद्धत आहे.” आणि तिने मान कलवून दाखवली.

केतकीने सांगितलं. मोरितांनी काही विचारलं. केतकीने स्वतः मान कलवून दाखवली, मग ताठ वर-खाली हलवून दाखवली, मग माझ्याकडे वळून म्हणाली, “त्यांच्याकडे मान अशी कलली की ‘मला काही हे पटत नाही’ असा अर्थ होतो. मला वर्गात शिकवलं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही, कारण मीही तशीच मान कलवते.”

कानो बर्फाची पिशवी मांडीवर ठेवून ऐकत होती. एकदम तिने तोंडावर हात धरला आणि तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. पण मोरिता हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, तिच्या आत बघितलं आणि परत घातली. मग एक वाक्य बोलले.

“मग मला जे आवडलं होतं,” केतकीने हळू आवाजात सांगितलं, “ते तिथे नव्हतंच.”

 गावंडे सर दूर, धावपट्टीच्या दिशेने बघत राहिले.

मोरितांनी आणखी एक प्रश्न विचारला. “तुला स्वतःला कुठला चेंडू टाकायचा होता?”

“त्या म्हणतील तो,” मोनाली म्हणाली.

मोरितांनी मान वर-खाली केली आणि खुर्चीवरची पिशवी उचलली. ती उचलण्याची पद्धत मला कळली, भाषेची गरज नव्हती. संपलं होतं.

मग कानो उठली. ती मोनालीपुढे कमरेत वाकली, मग मोरितांपुढे वाकली आणि भराभर बोलू लागली. केतकी भाषांतर करत नव्हती, नुसती ऐकत होती. मी तिला कोपराने ढोसलं.

“ती म्हणतेय की चूक तिचीही आहे. ती म्हणतेय, चाचणी झालीच नाही, नुसता गोंधळ झाला. एक बॅटर तरी नीट होऊ दे. आणि...” केतकी थांबली. “ती म्हणतेय, ही मुलगी आत्ता खोटं बोलून निवडली गेली असती. बोलली नाही. तेही बघा म्हणतेय.”

मोरितांनी पिशवी खाली ठेवली. ओनोकडे बोट केलं. मग विचारलं, हिची नेहमीची कॅचर कोण? गावंडे सरांनी माझ्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली की स्पीड गन पडता पडता राहिली.

मी पॅड बांधले. कानोने तिचा स्वतःचा मुखवटा मला दिला. तो माझ्या मुखवट्यापेक्षा हलका होता आणि त्याला लिंबाच्या साबणाचा वास येत होता. मोरिता मोनालीजवळ जाऊन काही बोलले, केतकी मागून.

“काय म्हणाले?” मी उंचवट्यावर चेंडू द्यायला गेले तेव्हा विचारलं.

“म्हणे, आता जे सांगशील ते खरं सांग.” तिने नाक ओढलं. “ताई, तू कर्व्ह जपून माग. हात गार पडला माहा.”

“बरं,” मी म्हणाले, आणि मान कलवली. आम्ही दोघी फिस्सकन हसलो. सरांनी दुरून कपाळावर हात मारला.

ओनो उंच होती. ती बॅटिंगला उभी राहिली तेव्हा तिची सावली माझ्या ग्लोव्हवर पडली. मी एक बोट दाखवलं. मोनालीने मान कलवली आणि टाकला. ओनोने बॅट फिरवली; चेंडू बॅटची वरची कड घेऊन सरळ मागे जाळीत गेला. एक स्ट्राइक. मी दोन बोटं दाखवली. कर्व्ह आला, चांगला वळला, पण खाली गेला. ओनो जागची हलली नाही, सोडून दिला. बॉल, म्हणजे आवाक्याबाहेरचा; तो स्ट्राइकमध्ये धरत नाहीत. मी पुन्हा एक दाखवलं. ओनोने पुन्हा मागे जाळीत मारला, या वेळी जास्त जोरात. दोन स्ट्राइक.

आता कर्व्ह. यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. दोन स्ट्राइक झाले की आम्ही कर्व्ह टाकायचो. चार वर्षं टाकत आलो होतो आणि निम्म्या विदर्भाला आम्ही त्यावर बाद केलं होतं. मी दोन बोटं दाखवली.

मोनालीने मान डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवली.

मला आधी वाटलं, माशी असेल. मी पुन्हा दोन बोटं दाखवली. मान पुन्हा फिरली, आडवी, सरळ, कोणत्याही देशात कळेल अशी. मी एक दाखवलं. पुन्हा तसंच. मुखवट्याच्या आत माझे कान गरम झाले. उरला चेंज-अप. तो मी वर्षभर मागितला नव्हता, कारण तो तिच्या हातातून नीट खाली जात नसे, वरच राहायचा, आणि वर राहिलेला चेंज-अप म्हणजे बॅटरला वाढलेलं ताट. मी तीन बोटं दाखवली, अगदी अनिच्छेने, वाकडी.

तिची मान वर-खाली झाली. ठसठशीत.

तिने टाकला. हात तसाच वेगात आला, सरळ चेंडूचा, आणि ओनो वेगासाठी पुढे झुकली. पण चेंडू आलाच नव्हता. तिचं सगळं वजन पुढच्या पायावर गेलं, एक हात बॅटवरून सुटला. बॅट हवेतच फिरली असती. पण चेंडू वर राहिला, आणि एका हातातल्या बॅटचं टोक त्याला लागलं. तो लचकत, पहिल्या बेसवर उभ्या मुलीच्या डोक्यावरून मागच्या गवतात पडला. ओनो धावत जाऊन बेसवर उभी राहिली. नियमाने तो हिटच होता, बाजी बॅटरची.

मी मुखवटा काढला. मला वाटलं, मोनाली रडेल. ती डोकं खाजवत होती.

मोरिता मैदानात आले, सगळेच आले. मोरितांनी फक्त एक शब्द विचारला. केतकी म्हणाली, “का?”

“तिचा पुढचा पाय,” मोनाली म्हणाली आणि बोलता बोलता तिने ओनोसारखं उभं राहून दाखवलं. “मी टाकाच्या आधीच उचलला जात होता. म्हणजे ते जोराच्या बॉलची वाट पाहून राह्यली होती. अजून एक जोराचा टाकला असता त तिनं मैदानाबाहेर मारला असता, दुसरा पाहा नं, किती जोरात मागं गेला. अन् माहा कर्व्ह हातातून निघताना आधी वर उसळते. तिनं तो ओळखला. म्हणून सोडला, हललीसुद्धा नाही. चेंज-अप मात्र जोराच्यासारखाच दिसते.” ती थांबली. “पण वर राह्यला. तो खाली पाहिजे होता. ते चूक माही.”

केतकी भाषांतर करता करता दोनदा अडखळली, तेव्हा मोनालीने हाताने दाखवलं. मोरिता ओनोकडे वळले. ओनो बेसवरून परत आली होती. तिने एकच शब्द म्हटला आणि मान वर-खाली केली. केतकीला सांगावं लागलं नाही. ओनो जोराच्या चेंडूचीच वाट पाहत होती.

मी ओनोच्या पायाशी बसले होते. तिचा पाय माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी मोनालीकडे बघत होते, पायाकडे नाही.

“हे तुला कधीपासून दिसतं?” मोरितांनी विचारलं.

“काय? पाय?” मोनाली गोंधळली. “पहिल्यापासूनच दिसते. समोरच त उभी असते बॅटर.”

तेव्हा मोरिता पहिल्यांदा हसले. ते खूप हळू, एकेक शब्द सुटा करून बोलले आणि केतकीनेही तसंच सांगितलं. “चेंज-अप खाली ठेवायला शिकवता येतं. ते आम्ही शिकवू. मार्चमध्ये या.”

गावंडे सरांनी डोळे पुसले आणि धूळ गेली म्हणाले.

मोनालीने त्या संघासाठी सहा हंगाम टाकले. चेंज-अप खाली राहू लागला, कर्व्ह मात्र शेवटपर्यंत थोडा उसळायचा. तिला झेलायला बहुतेक वेळ कानो असायची. मी पुढे पुण्यात हवामान खात्यात नोकरीला लागले आणि कधी कधी रात्रपाळीनंतर तिचे सामने मोबाइलवर बघत असे. चित्र बारीक असायचं, पण मान फिरलेली दिसायची. आता ती परत आलीय आणि गावंडे सरांच्या जागी तीच मुलींना शिकवते.

मला मात्र त्या दिवशीचा बसस्टँडचा रस्ता जास्त आठवतो. पाहुणे गेले होते. सरांनी सगळ्यांना गिलावडा खाऊ घातला होता, केतकीने तो “दहीवडाच ना हा?” म्हणून विचारून सरांचं मन दुखावलं होतं. मी मोनालीला चांदूर बाजारच्या एस.टी.पर्यंत सोडायला निघाले. ग्लोव्ह तिच्या पिशवीत, पिशवी माझ्या सायकलच्या हॅंडलला.

आम्ही चौक ओलांडला. मग ती म्हणाली, “ताई, तुले राग आला काय? मी नाही म्हटलं म्हणून?”

“नाही.” तो खरंच आला नव्हता. “पण एक सांग. तुला आधीपासून दिसत होतं, तर चार वर्षं बोलली का नाहीस?”

“तू बोटं दाखवे, मी टाको. तुहं बरोबरच असे नं.” सायकलच्या पुढे दगड होता, तिने तो पायाने बाजूला केला. “बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

ती माझ्याकडे तिरकं बघून हसली. “सांगू?”

“सांग.”

“अकोल्याची मॅच आठवते? पहिलीच बॅटर, ते दोन वेण्यावाली? तू सरळ मागितला. तिले सरळच पाहिजे होता वं ताई, तिची बॅट आधीच मागं गेली होती. मी त कर्व्ह टाकला असता. अन् तिच्यानंतरची, जाडी...”

मी सायकल हळू केली. ती हातवारे करून सांगत होती. कोणाचा पाय कुठे होता, कोणाचा खांदा कधी वळला, मी काय मागितलं आणि तिने काय टाकलं असतं. मी मधेच वाद घातला, एकदा तिचं खोडून काढलं, दोनदा मान्य केलं. स्टँड आलं. चांदूर बाजारची गाडी लागली, भरली, आमच्यासमोरून निघून गेली. मोनालीने तिच्याकडे बघितलंही नाही. आम्ही अजून अकोल्याच्या दुसऱ्याच इनिंगमध्ये होतो.